आई-बाबा, मागच्या जाळीला दार करून घ्या

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. दिवाळीचा माल यायला सुरुवात झाली असेल आणि आता महिनाभर तुम्हा दोघांना फोनवर धड बोलायलाही सवड मिळणार नाही, म्हणून जे सांगायचे ते लिहूनच कळवत आहे. विषय आगीचा आहे. ‘सणासुदीच्या तोंडावर असले अभद्र कशाला’ असे आई म्हणेल, तरीही पत्र शेवटपर्यंत वाचावे आणि यातले पहिले काम माल रॅकवर लागण्याच्या आत करून घ्यावे, अशी दोघांनाही कळकळीची विनंती आहे.

ते पहिले काम म्हणजे मागच्या गॅलरीच्या लोखंडी जाळीला दार करून घेणे. आपले घर दुकानाच्या वर आहे आणि घरातून बाहेर पडायचा एकुलता एक जिना साड्यांच्या गठ्ठ्यांना खेटून दुकानातच उतरतो. समोरच्या खिडक्यांना गज आहेत, मागची गॅलरी चोरीच्या भीतीने वरपासून खालपर्यंत जाळीने बंद केलेली आहे. चोराला आत येता येऊ नये एवढाच विचार आपण सगळ्यांनी केला. रात्री खाली आग लागली तर आपण बाहेर कुठून पडणार, हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे काय घडले ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. तळमजल्यावर शिलाईचे, कपड्यांचे दुकान, वर राहती घरे. पहाटे चारच्या सुमारास दुकानात आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात माणसे धुराने गुदमरून गेली. त्यांत लहान मुलेही होती. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत दुकानातच पोटमाळ्यावर झोपणारे नवरा-बायको आणि त्यांची दोन मुले अशीच गेली. या दोन्ही बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपलाच जिना उभा राहिला, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

अशा आगीत माणूस बहुधा ज्वाळांच्या आधी धुराने जातो. पॉलिस्टर, जॉर्जेट, नायलॉन हे कापड पेटताना वितळते आणि दाट काळा धूर सोडते. गरम धूर वर चढतो आणि आपला जिना त्याला धुराड्यासारखा वापरता येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे न करताच बेशुद्ध करतो. जळका वास आला की जाग येईलच, या भरवशावर राहू नये, कारण गाढ झोपेत नाक फारसे काम करत नाही. म्हणून जिन्याच्या वरच्या टोकाला छताला बॅटरीवर चालणारा, धूर ओळखून वाजणारा अलार्म बसवायचा आहे, आणि तिथेच आत्ता जो नुसता पडदा आहे, त्याच्या जागी भरीव लाकडी दार लावून ते रात्री मिटून ठेवायचे आहे. मिटलेले दार धुराला थोपवून धरते आणि तेवढ्या अवधीत माणूस बाहेर पडू शकतो. अलार्म वाजला, की दाराला आधी हाताची मागची बाजू लावून पाहावी. ते गरम लागले तर अजिबात उघडू नये, फटीत ओला टॉवेल कोंबावा आणि गॅलरीकडे निघावे. खोलीत धूर असेल तर वाकून किंवा रांगत जावे, कारण जमिनीलगत हवा जरा बरी असते.

आता जाळीविषयी. पूर्ण जाळी काढायची नाही. शेजारच्या काकांच्या स्लॅबच्या बाजूला तिचा एक भाग कापून बिजागरीवर बसवायचा, त्याला आतून सहज सरकणारा दणकट कडी-कोयंडा लावायचा, आणि कुलूप लावलेच पाहिजे असे बाबांना वाटत असेल तर किल्ली तिथेच, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला, अंधारातही चाचपडून सापडेल अशी टांगायची. ती कपाटात किंवा बाबांच्या खिशात नको. माप घेताना आईला उभे करून घ्यावे. तिचे गुडघे पाहता उंबरा फार तर वीतभर असावा आणि स्लॅबवर उतरायला दोन लोखंडी पायऱ्या, शेजारी धरायला दांडी, एवढे हवेच. काकांशी मी बोलले आहे, त्यांची काही हरकत नाही.

दुकानाच्या वायरिंगबद्दल मला अधिक काळजी वाटते. आजोबांच्या वेळी चार दिवे आणि दोन पंखे होते. आज त्याच तारांवर एसी, शोकेसचे दिवे, वाफेची इस्त्री, कॅमेरे आणि इन्व्हर्टर आहे. भार वाढला की तार तापते, वरचे प्लॅस्टिक कडक होऊन तडकते आणि जिथे जोड सैल असतो तिथे ठिणगी पडते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार भरायची, किंवा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवायचा, हे आपल्या पेठेत सर्रास चालते आणि ते फार घातक आहे, कारण तापलेल्या तारेचा प्रवाह वेळेवर तोडणे हेच तर त्याचे काम आहे. परवानाधारक वायरमनकडून सगळी तपासणी करून घ्यावी, एसी आणि इस्त्रीला स्वतंत्र लाइन घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, म्हणजे विजेची गळती झाली तर प्रवाह लगेच तुटेल. कॅमेऱ्यांची लाइन वेगळी काढली की बाकी दुकानाचा मेन स्विच रात्री निर्धास्त बंद करता येईल. पोटमाळ्यावरच्या खोक्यांची थप्पी आता दिव्याला भिडली आहे. तिच्यात आणि दिव्यात हातभर तरी अंतर ठेवावे.

बाबांची विजेवर चालणारी स्कूटर रात्री दुकानात, जिन्याच्या तोंडाशी चार्जिंगला लावलेली असते. ती कृपा करून आजपासूनच तिथून हलवावी. दिवसा, कोणी जागे असताना, बाहेरच्या ओट्यावर आणि कंपनीच्या मूळ चार्जरनेच ती चार्ज करावी. तिची बॅटरी बिघडून पेटली तर सगळा जिनाच अडतो. तसेच दुकान वाढवताना गल्ल्यावरच्या देवांपुढे लावलेले निरांजन आणि उदबत्ती शटर ओढण्यापूर्वी शांत करूनच वर यावे. निरांजनाला काचेची चिमणी घातली आणि भोवती टांगलेल्या ओढण्या दूर केल्या, तर देवही रागावणार नाहीत.

बाबा, १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची हकीकत तुम्हीच मला सांगितली होती. ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, पाण्याचा मारा सुरू झाला, पण गासड्यांच्या पोटात आग धुमसतच राहिली आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. त्यात बळी पडलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपल्याकडे दारूगोळा नाही, पण गठ्ठे आहेत. वरून विझलेला गठ्ठा आत तासन् तास धुमसू शकतो. त्यामुळे एखादा गठ्ठा पेटला तर विझवून पुन्हा रचून ठेवू नये. अग्निशमन दलाला बोलावून तो बाहेर काढून उलगडायला लावावा.

स्वयंपाकघराबद्दल आईला पुष्कळ माहीत आहे, तरी दोन-तीन गोष्टी लिहिते. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलावीच लागते. तिच्यावर छापलेली तारीख पाहून घे. रात्री रेग्युलेटर बंद कर. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि दिव्याच्या, पंख्याच्या, एक्झॉस्टच्या बटणाला हातही लावू नये, कारण बटण चालू करताना आणि बंद करतानाही ठिणगी पडते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे दार उघडून तो बाहेर लोटणे महत्त्वाचे. मग बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. चकलीच्या कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नकोस, गॅस बंद करून वर सपाट झाकण सरकव. शेगडीपाशी नायलॉनचा गाऊन घालू नकोस, सुती लुगडेच बरे. भाजलेच तर टूथपेस्ट, हळद काही लावू नये. वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली तो भाग धरावा.

आमच्या कंपनीत मधूनमधून भोंगा वाजवून सगळ्यांना जिन्याने मैदानात उतरवतात आणि तिथे हजेरी घेतात, म्हणजे आत कोण राहिले ते लगेच कळते. दुकानातल्या दोन्ही मुलांनाही समोरचा पिंपळाचा पार ही जमण्याची जागा म्हणून सांगून ठेवावी. दिवाळीत रात्री उशिरापर्यंत हिशेब चालतात, तेव्हा ती मुले आत असताना शटर पूर्ण ओढून घेऊ नये. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि पाठीमागे दार मोकळे असेल, तरच ती विझवायला जावे. त्याहून मोठी असेल तर बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला कळवावे. बाबा, वह्या, गल्ला किंवा पैठण्यांसाठी तुम्ही परत आत जाणार नाही, हे मला तुमच्याकडून लेखी हवे आहे. मालाचा विमा आहेच.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी येत आहे. एबीसी पावडरचे (कापड, तेल, गॅस अशा सगळ्या आगींवर चालणारे) अग्निशामक नळकांडे आणि अलार्म मी इथूनच घेऊन येते, तुम्ही खरेदी करू नये. त्या रात्री जेवणे झाली की आपण सगळे एकदा जिन्याने आणि एकदा गॅलरीतून, दिवे बंद ठेवून, पारापर्यंत जाऊन पाहू, म्हणजे आईला नेमका कुठे हात द्यावा लागतो ते समजेल. वायरमनला मात्र त्याआधी बोलावून घ्यावे.

तुमची लेक