चोळू नका, आधी दाखवा

प्रिय आई,

काल व्हिडिओ कॉलवर तुझं घड्याळ उजव्या हातात दिसलं. विचारलं तर म्हणालीस, "डाव्यात पट्टा बसेना, हातावर झोपल्याने सुजलाय." आणि चार दिवस झाले, हे अगदी फोन ठेवताना! असं करतात का गं?

हातावर झोपल्याने आलेली सूज चार दिवस राहत नाही. माझ्या मनात पहिली शंका येते ती ऑपरेशनची. सहा वर्षांपूर्वी तुझ्या डाव्या काखेतल्या लिम्फच्या (अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाच्या) गाठी काढल्या. हातातलं लिम्फ त्याच वाटेने परत जातं. वाट तुटली की पाणी साचतं, आणि हे कित्येक वर्षांनीही सुरू होऊ शकतं. दुखतंच असं नाही, हात जड वाटतो. "जड झालाय" हा शब्द तुझाच होता. डॉक्टरांनी काखही नीट चाचपायला हवी, तू स्वतः आठवण कर.

दुसरी शंका शिरेतल्या रक्ताच्या गुठळीची. गेल्या वर्षी माझाच हात सुजला होता. कळवलं नाही, आता रागावू नकोस. दोन दिवस छत रंगवलं, तिसऱ्या दिवशी हात निळसर, खांद्यावर शिरा दोरीसारख्या उमटलेल्या. मी स्नायू दुखावला समजून शेकत बसले. डॉप्लर सोनोग्राफीत (त्यात शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दिसतं) कॉलरबोनखालच्या शिरेत गुठळी निघाली. तिथे शीर पहिल्या बरगडीच्या नि कॉलरबोनच्या फटीतून जाते, हात सतत वर धरला की चेमटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तीन महिने घेतल्या.

मूत्रपिंडाची सूज बहुतेक दोन्हीकडे दिसते, तुझी एकाच हाताला आहे. कातडी लाल-गरम होऊन ताप आला तर मात्र जंतुसंसर्ग. त्या हाताला साधा ओरखडाही पुरतो.

बाबांना सांग, मलम चोळणं आजपासून बंद. गुठळी असेल तर ती सुटू शकते. अंगठी आत्ताच काढ, नंतर निघणार नाही. कोपराच्या 10 सेंमी वर दोन्ही दंड टेपने मोजून लिहून ठेव. 2 सेंमीचा फरकही डॉक्टरांना सांगण्यासारखा असतो. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.

एरवीही उद्या सकाळीच जा. डॉप्लरचा कागद मिळाला की फोटो पाठव, मी जागीच आहे.

तुझी,
धाकटी