हिंदीत बरोबर

आदरणीय ताई,

समोर बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहितेय. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या इंदुरी, हिंदी वळणाच्या 'मला लागतं की'वर पुण्याचे नातेवाईक हसतात, तुम्ही कधीच हसला नाहीत.

चिरंजीव तुमच्याकडे आले ते वही पाठीमागे लपवून. आधीच्या शिकवणीत शुद्धलेखन घातलं होतं. यानं लिहिलं काला, फल, नल, होली. चारही शब्दांना लाल गोल आणि खाली शेरा: 'मराठी घरातला ना?' तो शेरा मला खराखुरा लागला. आठ वर्षांचं पोर. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, पोहे-जलेबीवालाही हिंदी. ळ त्यानं ऐकला तो फक्त आजीच्या तोंडून. गोल काढणाऱ्या बाईंना एवढं विचारायला काय जात होतं?

तुम्ही वही मांडीवर घेतलीत, पेन्सिलीला टोक काढलंत आणि प्रत्येक लाल गोलाशेजारी बारीक अक्षरात लिहिलंत, 'हिंदीत बरोबर'. चार वेळा. मग म्हणालात, "आता आजी कसं म्हणते, सांग बरं." त्यानं जीभ मागे वळवून 'काळा' म्हटलं आणि स्वतःच हसला. ते पान तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

त्यानंतर घरात ळ-पुराणच सुरू झालं. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'अग्निमीळे' आहे, म्हणजे ळ केवढा जुना! संस्कृतात पुढे तो मागे पडला, मराठीत, गुजरातीत मात्र आजही आहे. आलू म्हणा नाहीतर बटाटा, पण 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला, हे त्यानं जेवताना आजोबांना ऐकवलं. आणि नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर! इतकी वर्षं राजवाड्यावरून जातेय, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

हुशार शिक्षक मिळतात हो, ताई. पोराची मान खाली जाऊ न देणारं माणूस मिळायला नशीब लागतं. (हे 'लागतं' बरोबर आहे ना?)

परवा स्कूटरवर मागे बसला होता. एका पाटीवर 'होलकर' दिसलं. मला वाटलं, आता हा गाडी थांबवायला लावणार. पाटीकडे वळून बघत तो नुसतं पुटपुटला, "हिंदीत बरोबर."

तुमची,
त्याची आई
इंदूर