बेंदराच्या आदल्या रातचा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फॉर्म भरताना तू फोनवर माझी जन्मतारीख विचारलीस. मागून आजी ओरडली, ‘बेंदराच्या आदल्या रातचा हाय त्यो!’ तू हसलीस. म्हणालीस, ‘बाबा, ऐकीव नको, दाखल्यावर काय आहे ते सांगा.’

दाखल्यावर 1 जून 1966 आहे. ती कुठून आली ते ऐक. 1972 च्या जूनमध्ये आजीनं मला शाळेत नेलं. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. कान कसाबसा हाताला लागला, गुरुजींनी सहा वर्षं पूर्ण धरली आणि 1 जून लिहून मोकळे झाले. वर्गातल्या निम्म्या पोरांची तारीख तीच. तिच्यापायी मी 31 मे 2024 ला निवृत्त झालो, वर्षभर आधी.

तेव्हा दाखलाही ऐकीवच. फक्त शिक्का मारलेला.

आजीचा हिशेब कोयनेच्या भूकंपापासून सुरू होतो. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारचा सुमार. मला गोधडीसकट उचलून ती अंगणात पळाली, तेव्हा मी पाच महिन्यांचाही नव्हतो म्हणते. त्या साली आषाढातला बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जुलैत होता; जुळतं. आणि गंमत बघ, त्या पहाटे मी तिथंच होतो, तरी मला ते ठाऊक आहे ते आजीच्या सांगण्यावरून.

ऐकीव धरावं की नाही हा वाद आपल्या जुन्या तत्त्वज्ञांतही होता. चार्वाकांना प्रत्यक्षाखेरीज, म्हणजे स्वतः अनुभवल्याखेरीज, काही चालत नसे, तुझ्यासारखंच. बौद्ध आणि वैशेषिक म्हणत, शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे वेगळं प्रमाण, ज्ञानाचं वेगळं साधन नाही, बोलणाऱ्याच्या भरवशावर केलेलं ते अनुमानच. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी, मात्र शब्दाला प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) यांच्या पंगतीला बसवलं. मला तेच पटतं. एसटी गेली असं कुणी म्हणालं तर त्याच्या सचोटीचं गणित मांडत आपण फाट्यावर उभे राहत नाही. पण शब्द आप्ताचा हवा. आता आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं तर बजावलंय, ऋषी, आर्य, म्लेच्छ, सगळ्यांना हे लक्षण सारखंच लागू. शिकलेला असावा अशी अट कुठेच नाही.

गुरुजी सज्जन होते, खोटं बोलणारे नव्हते. पण माझ्या जन्माच्या रात्री ते तिथं नव्हते. आजी होती.

फॉर्मात 1 जून 1966 च लिही, नाहीतर तो परत येईल. पुरणपोळी बेंदरालाच होईल, तेव्हा ये. आजी विचारत होती.

तुझा,
बाबा