चिलीचं २०१० साल फक्त ३३ खाणकामगारांचं नव्हतं

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत चिली देशाच्या २०१० सालावर आलेला लेख वाचला. छान होता, पण पानभर खाणीत अडकून जिवंत वर आलेल्या त्या ३३ खाणकामगारांची गोष्ट आणि भूकंपाला फक्त दोन ओळी, हे काही पटलं नाही म्हणून लिहायला बसलो. मी कळव्याला राहतो, तीस वर्षं घोडबंदर पट्ट्यात साईटवर सुपरवायझर होतो, त्यामुळे भूकंप म्हटलं की माझी नजर आधी कॉलमकडे जाते.

२७ फेब्रुवारी २०१०, पहाटे साडेतीनची वेळ, लोक गाढ झोपेत आणि ८.८ तीव्रतेचा धक्का. त्याच्या दीड महिना आधी हैतीत ७ चा झाला होता आणि तिथे लाखाच्या वर माणसं गेली. चिलीतल्या धक्क्याची ताकद हिशोबाने त्याच्या सुमारे ५०० पट, तरी मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास. केंद्र समुद्रात होतं, शहरांपासून लांब होतं, हे खरंच आहे, पण तेवढ्यानं हा फरक पडत नाही साहेब. १९६० साली चिलीतच वाल्डिव्हियाला ९.५ चा बसला, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा, तेव्हापासून तो देश या बाबतीत हयगय करत नाही. तिकडे उंच बिल्डिंगला नुसते कॉलम-बीम नसतात, आरसीसीच्या जाड भिंती पायापासून गच्चीपर्यंत सलग चढवलेल्या असतात, आणि स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला तर बांधून विकणारा १० वर्षं कायद्याने जबाबदार. तरीही कॉन्सेप्सिओनमध्ये एक १५ मजली नवी कोरी बिल्डिंग आडवी झाली आणि ८ माणसं गेली. पण तिथे प्रकरण भरपाई देऊन मिटलं नाही, बिल्डर आणि इंजिनियर दोघांवर खटला चालला.

आता आपल्याकडचं बघा. ४ एप्रिल २०१३, शीळ फाटा. त्या दिवशी ना भूकंप ना पाऊस, अनधिकृत बिल्डिंग, खाली बिऱ्हाडं राहत होती आणि वर मजले चढतच होते, ती बसली आणि ७४ माणसं गेली. त्यात किती लहान मुलं होती ते आठवलं की आजही जेवण जात नाही.

चिलीत सगळं बरोबर झालं असं मी म्हणत नाही. भूकंपानंतर नौदलाकडून त्सुनामीचा धोका नाही असा निरोप गेला, सरकारनंही लोकांना तसंच सांगितलं आणि लाटा आल्या. किनाऱ्यावरचे दीडशेच्या वर लोक असे गेले. लांब समुद्रात रॉबिन्सन क्रूसो नावाचं एक बेट आहे, तिथे एका १२ वर्षांच्या मुलीला खिडकीतून दिसलं की बंदरातल्या बोटी अंधारात एकमेकींवर आदळतायत, ती घरातून धावत सुटली आणि चौकातली घंटा बडवली. त्या घंटेनं गाव जागं झालं, लोक डोंगरावर पळाले, काहीजण गेलेच पण शेकडो वाचले. तुमच्या लेखात या पोरीला एक ओळ तरी हवी होती.

खाणीचं म्हणाल तर ५ ऑगस्टला खाण ढासळली, ६९ दिवसांनी १३ ऑक्टोबरला सगळे ३३ जण वर आले, टीव्हीवर बघताना मीपण रडलो होतो. पण ते अडकले तेव्हा हवेच्या बोगद्यातून वर यायला बघत होते आणि तिथे शिडीच नव्हती! असायला हवी होती, लावलीच नव्हती. ती असती तर त्यातले कितीतरी जण पहिल्याच दिवशी घरी गेले असते. साईटवर काम केलेला माणूस ही गोष्ट विसरू शकत नाही.

आणि ८ डिसेंबरला राजधानी सांतियागोत सान मिगेल तुरुंगाला आग लागली, ८१ कैदी गेले, जागेपेक्षा कितीतरी जास्त कोंबलेले होते. त्यातला एक २२ वर्षांचा मुलगा पायरेटेड सीडी विकल्याबद्दल आत होता. खाणीतून माणसं निघाली त्याला दोन महिनेही झाले नव्हते. तुमच्या लेखात ही आग नाहीच.

हे सगळं आत्ताच का सुचलं तेही सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या जिन्यातल्या स्लॅबचं प्लॅस्टर पडलं, शाळेतून येणारी दोन मुलं जेमतेम दोन पायऱ्या मागे होती. मी स्टुलावर चढून बघितलं तर सळई गंजून पेन्सिलीएवढी उरलेली आणि बाजूचं काँक्रीट नखानं खरवडलं तरी निघतंय. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आलेला आहे, पण तो सोसायटीच्या कपाटात पडून आहे, कारण रिपेअरिंगचा खर्च कोणी किती द्यायचा यावर भांडण संपत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, चिलीच्या त्या वर्षावर दुसरा लेख छापा, त्यात भूकंपाचं, शिडीचं आणि तुरुंगाचं सविस्तर येऊ द्या. येत्या रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. तोवर आला तर कात्रण घेऊन जाईन, नाहीतर हेच पत्र वाचून दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक, कळवा (ठाणे)