डी-डायमर ०.८ की ४१०?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१३ ऑक्टोबरच्या जागतिक थ्रॉम्बोसिस दिनानिमित्त आपण छापलेला रक्ताच्या गुठळ्यांवरचा लेख वाचला. लांबच्या प्रवासात पाय हलवा, पाणी प्या, एकाच पायाची पोटरी सुजली तर दुखणे अंगावर काढू नका, हे सगळे योग्यच. लेखाच्या शेवटी 'भारतात यावर अधिक संशोधन व्हायला हवे' असे वाक्य आहे, त्यापुरतेच लिहिते. मी पुण्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. केस पेपरमधली माहिती संशोधनाच्या फॉर्ममध्ये उतरवणे हा माझा रोजचा उद्योग. संशोधन हवेच, पण त्याआधी तीच माहिती सगळ्यांनी एकाच रीतीने लिहिण्याचे ठरवायला हवे.

एप्रिल २०२१ मधली गोष्ट. रात्री दहाला सोसायटीतल्या काकूंचा फोन आला. "अगं, ह्यांचं डी-डायमर सोमवारी ०.८ होतं, आज ४१० आलंय. काय करू?" डी-डायमर ही शरीरात गुठळी झाल्याचा सुगावा देणारी रक्तचाचणी. मी दोन्ही रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवले. लॅब वेगवेगळ्या होत्या. पहिलीने आकडा मायक्रोग्रॅममध्ये आणि एफईयू या एककात दिला होता, दुसरीने नॅनोग्रॅममध्ये आणि डीडीयू या दुसऱ्या एककात. मायक्रोग्रॅमचे नॅनोग्रॅम करायला हजाराने गुणायचे, झाले ८००. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो, म्हणून निम्मे केले, ४००. म्हणजे काका होते तिथेच होते! एकक छापले होते, पण मुंगीएवढ्या टायपात.

काकूंचा जीव अर्ध्या तासात भांड्यात पडला. पण असे शंभर रिपोर्ट 'डी-डायमर' नावाच्या एकाच रकान्यात भरले जातात, एककाचा रकाना फॉर्ममध्येच नसतो, आणि एक्सेल काहीही कुरकुर न करता त्यांची सरासरी काढून देते.

आकड्यांचे निदान गणित तरी करता येते, शब्दांचे तेही नाही. डॉपलरच्या, म्हणजे पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवरून केस पेपरवर 'डाव्या पायात डीव्हीटी' (खोल शिरेत गुठळी) एवढेच लिहिलेले असते. गुठळी गुडघ्याच्या वर की फक्त पोटरीत? वरची सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका बराच जास्त, त्यामुळे दोघींना एका रांगेत बसवता येत नाही. सगळ्यात अवघड असते ती रिकामी चौकट. 'पूर्वी कधी गुठळी झाली होती का?' यापुढे काहीच लिहिलेले नसले, तर झाली नव्हती की कोणी विचारलेच नाही? पाच वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला हे कोण सांगणार?

रक्तस्रावाचे तर विचारूच नका. गुठळीवरच्या औषधांचा मुख्य धोका तोच. आयएसटीएच या थ्रॉम्बोसिसच्या जागतिक संस्थेने २००५ मध्ये 'मोठा रक्तस्राव' कशाला म्हणायचे ते ठरवून दिले: जीव जाणे, मेंदूसारख्या नाजूक जागी रक्त साचणे, हिमोग्लोबिन २ ग्रॅम किंवा अधिक उतरणे, किंवा रक्ताच्या किमान दोन पिशव्या द्याव्या लागणे. हृदयविकाराच्या अभ्यासांतून आलेल्या 'टिमी' मोजणीत मात्र हिमोग्लोबिनची उतरण ५ ग्रॅम किंवा अधिक लागते. पोटात रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन १२ वरून ९ वर आलेला पेशंट एका अभ्यासात 'मोठा' ठरतो, दुसऱ्यात नाही. मग दोन अभ्यास शेजारी ठेवून हे औषध अधिक सुरक्षित असे कशाच्या जोरावर म्हणायचे?

यातून बाहेर पडता येते. हृदयाची झडप बदललेल्या माणसाच्या घरात 'आयएनआर' (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. पूर्वी या चाचणीसाठी प्रत्येक लॅबचे रसायन वेगळे, त्यामुळे त्याच रक्ताचा निकालही वेगळा यायचा. अमेरिकेतली रसायने कमी संवेदनशील होती, म्हणून तिथे वॉर्फेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे डोस चढे दिले गेले आणि रक्तस्रावही वाढले. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आयएनआर आला आणि सांगलीतला रिपोर्ट लंडनमध्ये वाचता येऊ लागला. कोविडमध्ये हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या पूर्ण डोसच्या तीन चाचण्यांनी आपापले नियम आणि मोजमापे जुळवून माहिती एकत्र केली. २०२१ मध्ये उत्तर मिळाले: आयसीयूबाहेरच्या पेशंटना फायदा, अत्यवस्थ पेशंटना नाही. सगळ्यांची सरमिसळ केली असती तर हा फरक दिसला नसता.

आयएसटीएचने गुठळीच्या संशोधनासाठी समान नोंदींची यादीही केली आहे. ती जशीच्या तशी उचला असे माझे म्हणणे नाही. दोनशे रकान्यांचा फॉर्म ओपीडीच्या गर्दीत रेसिडेंट डॉक्टर कसा भरतो ते मी पाहिले आहे: शेवटची चार पाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत, सगळीकडे 'नाही'. दहा-बारा रकाने पुरेत. गुठळीची नेमकी जागा, कारण (ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, कॅन्सर की काहीच नाही), चाचणीचा आकडा आणि एकक, औषध आणि डोस, रक्तस्राव कोणत्या व्याख्येने, तीन महिन्यांनी पेशंट कसा आहे, असे. आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'हो' व 'नाही'च्या जोडीला 'विचारले नाही' ही तिसरी चौकट.

आपल्याकडे २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे. कोण काय मोजणार हे त्यामुळे उघड होते. ते सगळ्यांनी एकाच मापाने मोजावे, हे त्यातून साधत नाही. एथिक्स कमिटीपुढे प्रस्ताव येतो तेव्हा संमतीपत्राचा शब्दन्‌शब्द तपासला जातो. तेव्हाच पाच मिनिटे कोऱ्या फॉर्मवरही नजर टाकावी, आणि डी-डायमरच्या रकान्यापुढे एकक छापले आहे का एवढे तरी पाहावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे