शिफ्टर आणि त्याचं वऱ्हाड

पुणे
१२ जुलै

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. पहिला दीड मिनिट नुसत्या शिव्या, मग मुद्दा! फोनवर समजावलं की तू मधेच ‘कळलं, कळलं’ म्हणतोस आणि नंतर नेमकं उलटं करतोस. म्हणून हे लिहून काढतोय. जेवण झाल्यावर निवांत वाच.

आधी तुझ्या तक्रारीचं. यवतेश्वरच्या उतारावर सायकलवर हात खाली ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या वाकलेल्या खालच्या भागावर, वेग वाढलाय, पाय रिकामे फिरताहेत. जड गिअर हवाय, आणि त्याचं बटण वर हूडच्या, म्हणजे ब्रेकच्या दांड्यावरच्या रबरी मुठीच्या, आतल्या बाजूला. ड्रॉप्समधून अंगठा तिथे पोचत नाही. यात तुझ्या बोटांचा दोष नाही. तुझा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा दांडा, शिमानोचा टूर्नी ए०७०, आहेच तसा. चढावर तो छळत नाही, कारण हलका गिअर ब्रेकचाच दांडा आत ढकलून पडतो. उतारावर मात्र हूडवर हात आणल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि उतारावर, वळणात, पकड बदलायची हौस कुणाला? अर्थात १९९० मध्ये शिमानोनं ब्रेकच्या दांड्यातच गिअर बसवले, त्याआधी शर्यतीतले लोकसुद्धा हात हँडलवरून काढून फ्रेमच्या खालच्या नळीपर्यंत न्यायचे. पण ते ऐकून तुला काडीचंही समाधान मिळणार नाही, माहितीये.

आता तुझा बेत: ‘एकदाच काय ते ११ स्पीडचे १०५ (शिमानोचेच महागडे शिफ्टर) घेऊन टाकतो.’ नको. शिफ्टर हा नवरदेव असतो रे, एकटा येत नाही, अख्खं वऱ्हाड घेऊन येतो. ११ स्पीडचा शिफ्टर घेतलास की ११ चकत्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, आली. तुझ्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यानं बसणारा सात चकत्यांचा जुन्या पद्धतीचा संच, फ्रीव्हील, आहे, त्यावर कॅसेट बसतच नाही, म्हणजे चाक आलं. चेन बारीक हवी, ती आली. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेल्युअरही नवा, कारण त्या शिफ्टरचं केबल ओढायचं मापच वेगळं. शेवटी बिल तुझ्या सायकलच्या किमतीला भिडेल.

तू घे शिमानोचाच क्लॅरिस आर२०००, आठ स्पीडचा. ब्रेकच्या मागे छोटा दांडा असतो, तो हूडवरूनही लागतो आणि ड्रॉप्समधूनही. तुला हवंय ते एवढंच. शिमानोच्या सात, आठ आणि नऊ स्पीडच्या मागच्या डिरेल्युअरचं ओढीचं माप एकच, त्यामुळे तुझा जुना चालतो. सात आणि आठची चेनही एकच. फ्रीव्हील तेच राहू दे.

‘आठचा शिफ्टर सातवर कसा?’ हे विचारणारच तू. सातच्या चकत्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ५ मिमी अंतर असतं, आठमध्ये ४.८. एका उडीला ०.२ चा फरक, सहा उड्यांत १.२. बरोबर मधल्या, चौथ्या चकतीवर जुळवून घेतलंस की दोन्ही टोकांना ०.६ उरतो. तेवढा डिरेल्युअर पोटात घालतो. एक टिचकी जादा राहते, ती लहान चकतीच्या बाजूला सोड. तिथे केबल नुसती सैल पडते, काही ताणलं जात नाही. माझी क्लॅरिस शिफ्टरची जोडी याच जुगाडावर दीड वर्ष चाललीये.

ती मी जुनी घेतली, ४,५०० रुपयांना. स्वस्त का, तर उजवा ‘मेला’ होता. दांडा दाबला की मऊ मऊ आत जायचा, आवाज नाही की पकड नाही. पण अशा शिफ्टरचं बऱ्याचदा काही तुटलेलं नसतं, आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं आणि आतलं कुत्रं, म्हणजे दात्यात अडकणारी खिट्टी, त्यात चिकटून बसतं. बाल्कनीत पेपर पसरला, हूड मागे गुंडाळलं आणि फटीतून डब्ल्यूडी-४० मारत दांडा दाबत बसलो. पिवळट, मेणचट घाण पेपरवर ओघळायला लागली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, आई आतून विचारतेय की हा वास कसला. आणि मग ‘टक’. पुन्हा ‘टक’. सगळ्या टिचक्या एकेक करून मोजल्या. मग सगळं वाळवून आत पातळ तेल सोडलं. ते विसरू नको, नाहीतर पुन्हा अडकतो. पण प्रत्येक मेलेला असा उठेलच असं नाही, तेव्हा हा जुगार स्वस्तात मिळाला तरच खेळ. डावा शिफ्टर पेडलजवळच्या दोन चकत्यांचाच आहे ना, तेही बघून घे. तीनवाला गळ्यात मारतात.

आता माझी फजिती ऐक. नवीन केबल टाकताना गिअरचं आउटर, म्हणजे केबलवरचं नळीसारखं आवरण, वीतभर कमी पडलं. दुकानं बंद. घरात ब्रेकच्या आउटरचा तुकडा होता, तोच लावला. स्टँडवर गिअर लोण्यासारखे पडले. रस्त्यावर हँडल वळवलं की मागे खर्रर्र! आठवडाभर केबलचा ताण बदलणारा बॅरल ॲडजस्टर पिळत बसलो, मागचा डिरेल्युअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलाय म्हणून मेकॅनिकला दाखवून आलो. हँगर सरळच होता. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दबते, आणि तेवढ्यानं गिअर हलतो. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या, लांबीत असतात, त्या दबत नाहीत. उलटा प्रकार तर चुकूनही करू नको. गिअरचं आउटर ब्रेकला लावलंस तर जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं, आणि तू तर घाटात राहतोस.

समोरच्या डिरेल्युअरची खात्री मी देत नाही. माझा जुनाच ठेवलाय. मोठ्या चकतीवर जाताना थोडा कुरकुरतो, पण जातो. केबल, आउटर आणि बार टेप धरून मला वर साधारण १,२०० लागले.

पाऊस आहे तोवर उरकून टाकू. सायकल गाडीत घालून पुढच्या शनिवारी मुक्कामालाच ये, रविवारी दिवसभरात होईल. वहिनींना सांग, चहा-पोहे आमच्याकडून. कासला फुलं येतील तेव्हा वरून खाली येताना बघू तुझा अंगठा काय म्हणतो ते.

आणि येताना माझा केबल कटर आण. मार्चपासून तुझ्याकडे आहे.

तुझा,
विन्या