मंत्रिमहोदय, चंद्रावर जाण्याआधी आमच्या गच्चीवर या

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आपण मुलांसमोर शब्द दिला होता, "समोरचा एलईडी फलक पंधरा दिवसांत उतरवतो." टाळ्या पडल्या, फोटो निघाले. परवा त्याच इमारतीवर दुसरा फलक लागला. त्यावर हात जोडून आपणच उभे आहात, वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारत.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. कोथरूडच्या गच्चीवर बांबूंना सात मीटरची तांब्याची तार ताणून २० मेगाहर्ट्झवर मुलांना गुरू ग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकवायचो. स्पीकरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज आला की आठवीची पोरं चिडीचूप. आता तिन्हीसांजेला फलक पेटला की त्याच्या रेडिओ गोंगाटाने स्पीकरमध्ये नुसती घरघर. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, बायको खिडकीला सोलापुरी चादर टांगते, रक्तदाबाची गोळी वाढली ती वेगळीच. महापालिकेत तक्रार घेऊन गेलो तर तिथले साहेब म्हणतात, "काका, रेडिओ मोबाइलवर ऐका ना!"

आणि आता आपण भाषणात सांगता, लँडर पाठवून चंद्रावर रेडिओ दुर्बीण बसवू. जरूर बसवा. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या रेडिओ लहरी आपलं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, अडवतं. पहिले तारे पेटण्याआधीच्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर विश्वाबरोबर ताणली जाऊन ३०-४० मेगाहर्ट्झपर्यंत, त्याहीखाली उतरते. ती ऐकायला चंद्राची पलीकडची बाजू उत्तम, आपला पृथ्वीवरचा रेडिओ गोंगाट अख्खा चंद्र अडवतो. चीनचं चांग-ई-४ यान तिथे जानेवारी २०१९ मध्येच उतरलं. अमेरिकेचं ओडिसियस यान फेब्रुवारी २०२४ मध्ये अलीकडच्या बाजूला उतरलं आणि कलंडलं. त्यावरच्या रेडिओ उपकरणाने टिपलं काय? बरंचसं पृथ्वीवरचंच प्रक्षेपण! शिवाय सूर्याच्या रेडिओ लहरींचाही त्रास नको तर ऐकायचं रात्री, आणि तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांची. २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ चा विक्रम लँडर पहिल्याच रात्रीनंतर उठला नाही. त्या थंडीत बॅटरी कशी जगवणार, हे भाषणात नव्हतं. टाळ्या मात्र होत्या.

अहो, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी केली, त्या जागेची रेडिओ शांतता बघून. ती शांतता राखण्यापायी पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग वळवायची वेळ आली, तर लगेच दुर्बीणच डोळ्यांत खुपायला लागली. फलकाला परवानगी चुटकीसरशी, तक्रारीला फक्त आवक क्रमांक. शहरात असे हजारभर फलक असतील, निम्मे विनापरवाना. हे मी नाही, आपल्याच पक्षाचा कार्यकर्ता चहा पिता पिता सांगतो. घरपट्टी एक महिना थकू द्या, नोटीस घेऊन माणूस दारात हजर. फलकवाल्याच्या दारात कोण जातं? तिथे गेलेच तर हार घेऊन जातात.

दोन्ही फलक उतरवा. निदान रात्री दहा ते पहाटे पाच बंद ठेवायचा लेखी आदेश काढा. आणि "आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे" असं उत्तर कृपा करून पाठवू नका, त्याची फाईल माझ्याकडे आहे.

आपला,
कोथरूडचा एक निवृत्त मास्तर